वाचक विचारतात : थकलेल्या बॅटऱ्यांचं करायचं काय?

रिचार्जेबल बॅटऱ्यांवर आलेल्या पत्रांपैकी काही या वेळी घेतली आहेत. बहुतेकांचा सूर एकच आहे : टाकायचं नीट, पण खिशाला चाट नको. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणले. त्याआधीचे 2001 चे नियम फक्त लेड-ॲसिड बॅटऱ्यांपुरते होते. आता मोबाइलपासून स्कूटरपर्यंत सगळ्या बॅटऱ्या नियमांत आल्या, आणि जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवून आणण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली गेली. ग्राहकाचं काम एवढंच की बॅटरी घरच्या कचऱ्यात मिसळायची नाही आणि योग्य माणसाकडे द्यायची. त्यामुळे चार सेल घेण्यासाठी कोणी ‘प्रोसेसिंग चार्ज’ मागू लागला, तर सरळ दुसरं दार बघा.

प्र. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बरीच वर्षं सेल साठत गेलेत. पेन्सिल सेल, जुन्या मोबाइलच्या बॅटऱ्या, कॅमेऱ्याची एक, कॉर्डलेस फोनची एक. काही चालत असतीलही. कशातलं काय ओळखायचं आणि कुठे द्यायचं? — निवृत्त शिक्षिका, कोथरूड

आधी डबा बदला. पत्रा वीज वाहतो. दोन सेलची टोकं पत्र्याला किंवा एकमेकांना टेकली की शॉर्ट होतो. ‘मेलेल्या’ लिथियम बॅटरीतसुद्धा त्या वेळी ठिणगी पडण्याइतका जीव असतो. लोणच्याची रिकामी प्लॅस्टिकची बरणी चालेल, फक्त धुऊन पूर्ण कोरडी करून घ्या आणि झाकण सैल ठेवा.

मग वर्तमानपत्र पसरून ढीग लावा. लेबल वाचा. ‘एनआय-एमएच’ किंवा ‘एनआय-सीडी’ लिहिलेलं असेल तर निकेलचा ढीग. ‘ली-आयन’ किंवा ‘ली-पो’ असेल तर लिथियमचा. लेबल पुसलं असेल तर व्होल्ट बघा : 1.2 व्होल्ट म्हणजे निकेल, 3.7 म्हणजे लिथियम, 1.5 म्हणजे बहुतेक वेळा साधा, चार्ज न होणारा सेल. इथे कॉर्डलेस फोनची बॅटरी फसवते. तिच्यावर 3.6 व्होल्ट लिहिलेलं असतं म्हणून लोक तिला लिथियम समजतात. प्रत्यक्षात प्लॅस्टिकच्या वेष्टनात 1.2 व्होल्टचे तीन निकेल सेल ओळीने जोडलेले असतात. एनआय-सीडी वेगळ्या पिशवीत ठेवा. त्यात कॅडमियम असतं, ते मूत्रपिंडाला आणि हाडांना घातक आहे. जुने कॉर्डलेस फोन, जुने ट्रिमर आणि ड्रिल यांत ते हमखास सापडतं.

टेप लावणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि खर्च म्हणाल तर तोच. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी साधी इन्सुलेशन टेप घ्या. एका टोकाला चार सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. सात मीटरच्या एका गुंडाळीत दीडशेच्या वर टोकं झाकली जातात. निकेलच्या पेन्सिल सेलचं फक्त धन टोक झाकलं तरी भागतं. लिथियमला मात्र दोन्ही टोकं झाका. मोबाइलच्या चपट्या बॅटरीवर एका कडेला तीन-चार सोनेरी पट्ट्या दिसतात, त्यांच्यावरून एकच आडवी टेप न्या. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं शेजारीशेजारी असतात, त्यामुळे तिच्याकडे जास्त लक्ष द्या. खिशातल्या किल्लीनेही ती शॉर्ट होते. टेप लेबलवर चढू देऊ नका. पुढे वर्गवारी करणारा माणूस त्या लेबलवरच अवलंबून असतो.

एखाद्या साध्या सेलमधून पांढरी पूड बाहेर आली असेल तर ती नखाने खरवडू नका. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं, त्याने कातडी जळते. हातमोजे घाला, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसा आणि सेल वेगळ्या पिशवीत बांधा.

आता चालू सेल कोणते ते. निकेलचे सेल पूर्ण चार्ज करून एक दिवस तसेच पडू द्या, मग मल्टिमीटरने मोजा. साधा मल्टिमीटर पुण्याच्या तपकीर गल्लीत दोन-अडीचशे रुपयांच्या आसपास मिळतो. शेजाऱ्याकडे असेल तर तेवढेही घालवू नका. 1.3 व्होल्टच्या आसपास दाखवला तर सेल बरा आहे. एका दिवसात 1.2 च्या खाली घसरला तर तो चार्ज धरून ठेवत नाही, निरोप द्या. मधले सेल भिंतीवरच्या घड्याळात किंवा टीव्हीच्या रिमोटमध्ये टाका, तिथे वीज नावापुरतीच लागते. कॅमेरा किंवा खेळण्यात ते दहा मिनिटांत माना टाकतील.

स्वस्त चार्जरबद्दल एक इशारा. त्यातले बरेचसे सेल जोडीने चार्ज करतात. जोडीतला एक सेल खराब झाला की दुसराही भरत नाही, आणि आपण दोन्ही फेकून देतो. टाकण्याआधी प्रत्येक सेल सुटा मोजा. फेकायला काढलेल्यांतले अर्धे चांगले निघाले तर नवल नाही.

द्यायचं कुठे? ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची संस्था पुण्यात ई-कचऱ्याच्या संकलन मोहिमा घेते. रोज दारावर येणाऱ्या ताईंना पुढची तारीख विचारा, किंवा आपल्या क्षेत्रीय कार्यालयाच्या घनकचरा विभागात चौकशी करा. तोवर बरणी कपाटात, उन्हापासून आणि गॅसपासून लांब. ताईंच्या हातात देताना ‘यात बॅटऱ्या आहेत’ हे तोंडाने सांगा. कोरड्या कचऱ्यात लपवलेली बॅटरी वर्गीकरण करणाऱ्या हातांना कळत नाही, आणि कचरा दाबणाऱ्या गाडीत ती चिरडली की आग लागते.

प्र. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की बॅटरी निर्धोक होते, असा व्हिडिओ पाहिला. करू का? — वारजे

नका करू. खाऱ्या पाण्यात आधी गंजतं ते बॅटरीचं टोक. ते झिजून गेलं की वीज बाहेर यायचा रस्ताच बंद होतो आणि आत चार्ज शिल्लक राहतो. वरून बॅटरी मेल्यासारखी दिसते, म्हणून उलट जास्त धोक्याची. शिवाय त्या पाण्यातून हायड्रोजन आणि थोडा क्लोरीन निघतो, आणि शेवटी धातू मिसळलेलं पाणी मोरीत जातं.

चांगल्या स्थितीतली लिथियम बॅटरी रिकामी करायची तर ती जिच्यात बसते त्या वस्तूतच वापरून संपवा. पॉवर बँकला फोन लावा आणि ती आपणहून बंद पडेपर्यंत चालू द्या. टॉर्च पेटता ठेवा. फुकट काम होतं.

प्र. इन्व्हर्टरची 150 एएचची बॅटरी अर्धा तासही टिकत नाही. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार आहे, पण ‘पाणी ओतून द्या’ म्हणतो. दुकानदार नव्या बॅटरीत वळती करून देतो म्हणतो. फायदा कशात? — धायरी

आधी ती खरंच गेली आहे का ते बघा, कारण नव्या ट्यूब्युलर बॅटरीची किंमत लहान नसते.

इन्व्हर्टर बंद करून तारा सोडवा आणि बॅटरी दहा-बारा तास तशीच ठेवा. मग व्होल्ट मोजा. पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 ते 12.7 दाखवते. 12 किंवा त्याखाली असेल तर ती रिकामी आहे, गेलीच आहे असं नाही. रात्रभर चार्जिंग करूनही आकडा 10.5 च्या आसपास अडकला असेल तर सहा कप्प्यांपैकी एक शॉर्ट झाला आहे. त्याला घरी उपाय नाही.

मग झाकणं उघडा आणि पाण्याची पातळी बघा. प्लेटा उघड्या पडलेल्या नसतील पण पातळी खुणेच्या खाली असेल, तर डिस्टिल्ड वॉटर घालून बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि पुन्हा मोजा. नळाचं नको, फिल्टरचं नको, एसीतून ठिबकणारंही नको. त्यात धूळ आणि तांब्या-ॲल्युमिनियमचे अंश असतात. ॲसिड तर चुकूनही घालू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं. हायड्रोमीटर (ॲसिडची विशिष्ट घनता मोजणारी नळी) मिळाला तर सहाही कप्पे तपासा. भरलेल्या बॅटरीत सहाही आकडे 1.25 च्या जवळपास हवेत. पाच कप्पे 1.24 आणि एक 1.17 असा फरक दिसला तर तोच कप्पा बाकीच्यांना खाली ओढतोय. प्लेटा महिनोन्‌महिने उघड्या पडलेल्या असतील तर त्यांच्यावर सल्फेट घट्ट बसलेलं असतं, आणि ते उतरवून देतो म्हणणाऱ्या पुड्यांवर पैसे घालवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बॅटरी गेलीच असेल तर आता पैशाचं. लेड-ॲसिडच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं, आणि शिशाला बाजारात भाव आहे. म्हणूनच घरातल्या सगळ्या बॅटऱ्यांत बहुधा हीच तुम्हाला पैसे मिळवून देते. 150 एएचची बॅटरी ॲसिडसकट 50 ते 60 किलोची असते. दोन-तीन बॅटरी विक्रेत्यांना फोन करा आणि एकच प्रश्न विचारा : जुनी दिली तर किती, न देता किती? दोन आकड्यांतला फरक हीच तुमच्या जुन्या बॅटरीची किंमत. एक आकडा सांगून ‘एक्स्चेंज धरूनच सांगितलंय’ म्हणणाऱ्याकडे फरक लपलेला असतो. जुन्या बॅटरीची रक्कम बिलावर वेगळ्या ओळीत लिहून मागा.

भंगारवाल्याचा दर कधीकधी थोडा वर जातो, पण ‘पाणी ओतून द्या’ म्हणाला की सौदा मोडा. ते पाणी नाही, गंधकाम्ल आहे, आणि त्यात शिसं विरघळलेलं आहे. गटारात ओतलं की आधी तुमच्याच सोसायटीचं चेंबर खाईल, मग नदीत जाईल. शिवाय ॲसिड उपसून घेतलेल्या बॅटऱ्या बहुधा उघड्यावरच्या भट्टीत जातात, आणि शिशाच्या धुराची किंमत भट्टीच्या शेजारची लहान मुलं मोजतात. विक्रेत्याकडून ती नोंदणीकृत कारखान्याकडे जाण्याची शक्यता बरीच जास्त.

नेताना बॅटरी उभीच ठेवा, झाकणं घट्ट लावा, टोकांना टेप मारा. ॲसिड सांडलं तर खाण्याचा सोडा टाका. फसफस थांबेपर्यंत टाकत राहा, मग भरपूर पाण्याने धुवा. उचलायला दोघं लागतात. पाठ दुखावली तर एक्स्चेंजचे पैसे डॉक्टरकडे जातील.

प्र. पॉवर बँक फुगून तिचं कव्हर उसवलं आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, टाचणी टोचून हवा काढा. घरात लहान मूल आहे. आजच्या आज काय करू? — हडपसर

टाचणी टोचायची नाही. दाबून सपाट करायची नाही, फ्रिजमध्ये ठेवायची नाही, ‘एकदा चार्ज होते का बघू’ म्हणून वायरही जोडायची नाही. आतला द्रव विघटित होऊन वायू तयार झाला आहे. पदर एकमेकांपासून सुटलेत. टोचलं की धन आणि ऋण पदर एकमेकांना भिडतात आणि जागच्या जागी आग लागते. दुरुस्तीवाल्याचं नशीब बलवत्तर असेल, तुमचं आजमावू नका.

गॅलरीतली मातीची रिकामी कुंडी घ्या. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा. बांधकामाची वाळू दिवसभर उन्हात पसरून खडखडीत वाळवा. ओली वाळू वीज वाहते, म्हणून ती चालत नाही. आज वाळलेली वाळू नसेल तर पॉवर बँक तोवर गॅलरीतल्या फरशीवर एकटी, सावलीत, मुलाच्या हाताबाहेर राहू द्या. मग कुंडीत चार बोटं वाळू घाला, पॉवर बँकच्या चार्जिंगच्या भोकांवर टेप लावून ती आडवी ठेवा आणि वरून पुन्हा चार बोटं वाळू. झाकण घट्ट नको, वायूला वाट हवी. पावसाची झड येणार नाही आणि शेजारी पडदे, कपडे, सिलिंडर नसतील अशी जागा निवडा.

दुसऱ्याच दिवशी हालचाल करा. ज्या कंपनीची पॉवर बँक आहे तिच्या सेवा केंद्राला फोन करून ‘फुगलेली लिथियम बॅटरी घेता का’ असं याच शब्दांत विचारा. न विचारता नेली तर परत पाठवतील. नाहीतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या बॅटरी पुनर्वापरकर्त्याला विचारा. नेताना पुठ्ठ्याच्या खोक्यात वाळूसकट न्या. स्कूटरच्या डिकीत घालून एप्रिलच्या उन्हात गाडी उभी करू नका. कुरिअरने तर मुळीच पाठवू नका. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानातून न्यायला बंदी आहे, आणि पार्सल विमानाने जाणार की ट्रकने हे तुमच्या हातात नसतं.

सूं-सूं आवाज किंवा गोडसर, रंगाच्या दुकानासारखा वास आला तर मुलाला घेऊन खोलीबाहेर पडा. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतं, तो फुप्फुसांना चांगला नाही. एवढ्या लहान बॅटरीवर लांबून भरपूर पाणी ओतलं तर ती थंड होते, फक्त ती प्लगला जोडलेली नाही याची खात्री करा. आवाक्याबाहेर वाटलं तर 101.

प्र. डासांची रॅकेट बंद पडली. हॉस्टेलवर सगळ्यांच्याच बंद पडतात. आख्खी रॅकेट कचऱ्यात टाकली तर काय बिघडतं? — विद्यार्थी, नारायण पेठ

मुठीत बहुतेक वेळा 4 व्होल्टची छोटी लेड-ॲसिड बॅटरी असते, म्हणजे शिसं. नव्या काही मॉडेलांत लिथियम. दोन्ही कचरापेटीत नको. रॅकेट रात्रंदिवस चार्जिंगला लावून ठेवल्याने ती मरते. तिच्यातलं स्वस्त सर्किट चार्जिंग आपणहून थांबवत नाही. वापरायची नसेल तेव्हाही महिन्यातून एकदा चार्ज करा, कारण लेड-ॲसिड रिकामी पडून राहिली की तिच्यावर सल्फेट चढतं.

जाळीत थोडा वेळ उच्च दाबाची वीज शिल्लक असते. बटण बंद करून, प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आतल्या आणि बाहेरच्या जाळीला एकदम टेकवा, मगच मूठ उघडा. तशीच बॅटरी सुटी मिळाली तर बदला : व्होल्ट तेवढेच आणि प्रकारही तोच हवा. लेड-ॲसिडच्या जागी लिथियम बसवू नका, चार्जर त्यासाठी बनलेला नसतो. सगळ्यांच्या मेलेल्या बॅटऱ्या टेप लावून एकत्र करा आणि बॅटरीच्या दुकानात द्या. पैसे चहापुरतेही मिळणार नाहीत, पण दुकानदार बहुधा नाही म्हणत नाही.

प्र. 120 फ्लॅटची सोसायटी आहे. बॅटऱ्या गोळा करायची पेटी ठेवायची आहे, पण सभेने निधी मंजूर केला नाही. — सचिव, बाणेर

निधी लागतच नाही. रंगकाम झालेल्या कोणत्याही फ्लॅटमधून 20 लिटरच्या तीन रिकाम्या प्लॅस्टिकच्या बादल्या मिळतात. एक निकेल आणि साध्या सेलना, एक लिथियमला, एक छोट्या लेड-ॲसिडला. प्रत्येकीवर चित्र चिकटवा. नुसत्या अक्षरांनी कोणी वर्गवारी करत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. बादलीला टेप आणि कात्री दोरीने बांधून ठेवा. टेप घरी आहे म्हणणारा ती आणत नाही.

जागा छताखाली हवी, पण मीटर रूम, जिना, डिझेल जनरेटर आणि गाड्यांचं पार्किंग सोडून. वॉचमनच्या नजरेत असलेली, खाली फरशी असलेली जागा उत्तम. लिथियमची बादली एक तृतीयांशाच्या वर भरू देऊ नका. फुगलेली, चिरलेली, गरम लागणारी बॅटरी बादलीत घ्यायचीच नाही, तिच्यासाठी वर सांगितलेली वाळूची कुंडी बाजूला ठेवा. इन्व्हर्टरच्या आणि स्कूटरच्या बॅटऱ्यांना साफ नाही म्हणा.

खरी अडचण उचलून नेण्याची. दहा किलो सेलसाठी कोणी टेंपो पाठवत नाही. म्हणून बॅटऱ्यांची फेरी ई-कचऱ्याच्या फेरीला जोडा. दिवाळीच्या साफसफाईत लोकांकडून जुने संगणक, मिक्सर, वायरी निघतात. तेवढा माल असला की नोंदणीकृत पुनर्वापरकर्ते फुकट येतात, पुष्कळदा थोडे पैसेही देतात. बॅटऱ्या त्याच गाडीत, वेगळ्या बांधलेल्या. येणाऱ्याकडे प्रदूषण मंडळाची कागदपत्रं बघा आणि त्यात बॅटरीचा उल्लेख आहे का ते तपासा. फक्त ई-कचऱ्याची परवानगी असलेले काही जण बॅटऱ्या पुढे कुणालाही विकतात. वजन आणि प्रकार लिहिलेली पावती घ्या. पावतीवर ‘मिक्स स्क्रॅप’ लिहून देत असेल तर बॅटऱ्या देऊ नका.

फुकटात हे होतं कारण त्यामागे उत्पादकांचा पैसा आहे. पोर्टेबल बॅटऱ्यांतून 2026-27 पासून 90 टक्के साहित्य परत मिळवलं पाहिजे, असं 2022 चे नियम सांगतात. उत्पादकांना आपल्या वाट्याचं लक्ष्य पुनर्वापरकर्त्यांकडून घेतलेल्या प्रमाणपत्रांनी दाखवावं लागतं, त्यामुळे नीट वेगळी केलेली, लेबल शाबूत असलेली बॅटरी पुनर्वापरकर्त्याला हवीच असते.

प्र. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी बदलली. जुनी खोलून आतले चांगले सेल काढून टॉर्चला वापरावेत का? — सिंहगड रस्ता

नाही. त्या पॅकमध्ये 48 ते 72 व्होल्ट असतात, आणि आतले सेल निकेलच्या पट्ट्यांनी वेल्ड करून जोडलेले असतात. पट्टी उचकटताना पक्कड दोन ठिकाणी टेकली की वितळलेला धातू डोळ्यांत उडतो. नवी बॅटरी बसवणाऱ्या विक्रेत्यालाच जुनी द्यायची आणि तिचा अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्यायची. बॅटरी तुम्ही घरी आणली असेल आणि तो आता नाही म्हणत असेल, तर कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी मेल करा आणि त्यात बॅटरी कचरा नियम 2022 चा उल्लेख करा. फोनवर ‘बघतो’ म्हणणारे लेखी पत्राला सहसा उत्तर देतात. तोवर ती जमिनीवर, सावलीत, दाराच्या वाटेत येणार नाही अशी ठेवा आणि तिला चार्जर लावू नका.